कुणाकडून? एका टॉवेल कारखान्याच्या वेबसाइटची पत

सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलचा एक कारखाना आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणते. कारखान्याचं नाव इथे देत नाही. त्या बोलीवरच त्यांनी मला जुन्या वह्यांपासून गूगल सर्च कन्सोलपर्यंत (गूगल साइटच्या मालकाला तिची अवस्था जिथे कळवतं ते साधन) सगळं उघडून दाखवलं. मी सोलापुरातच वेबसाइटची कामं करते, त्यातही बाहेरच्या बाजूची. वेबसाइटच्या आत काय लिहिलंय ते नाही, तर बाहेरचे लोक तिच्याबद्दल काय म्हणतात, कुठे म्हणतात, तिच्याकडे बोट दाखवतात की नाही, हे बघायचं. धंद्यात याला ऑफ-पेज एसइओ म्हणतात. हे प्रकरण नीट लिहून ठेवावं असं मला मनापासून वाटलं, कारण यातली चूक आपल्या भागात रोज कुणी ना कुणी पैसे मोजून करतंय.

जानेवारीतली गड्ड्याची जत्रा सुरू होती. अण्णांच्या धाकट्या मुलाचा फोन आला. "ताई, गूगलवर आमची वेबसाइट दिसेनाच की. नाव घालून बघितलं तरी कुठं तरी खाली. आठ दिवसांत एक फोन नाही." उन्हाळ्याआधी लॉजवाले आणि हॉटेलवाले त्यांच्याकडून नवा साठा भरतात, त्यामुळे चौकशीचे हेच दिवस. मी सर्च कन्सोलचा प्रवेश मागितला आणि थेट मॅन्युअल कारवाईचं पान उघडलं. तिथे एक ओळ होती: तुमच्या साइटकडे येणाऱ्या अनैसर्गिक लिंक. म्हणजे हा नुसता गूगलच्या गणिताचा, अल्गोरिदमचा, चढउतार नव्हता. गूगलच्या माणसाने तपासून केलेली कारवाई होती. मुलाला तोवर तो संदेश दिसलाच नव्हता, कारण सर्च कन्सोल वेबसाइट बनवणाऱ्या जुन्या माणसाच्या ईमेलवर उघडलेलं होतं.

पॅकेज

आधीच्या दिवाळीत एका एजन्सीने त्यांना पॅकेज विकलं होतं: महिन्याला ठरावीक लिंक, आणि तीन महिन्यांत 'डोमेन अथॉरिटी' वाढवून देऊ. ती वाढलीही. मुलगा मला आलेख दाखवत होता, रेघ सरळ वर चढलेली. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी. डोमेन अथॉरिटी हा आकडा गूगलचा नाही. मॉझ नावाच्या कंपनीने स्वतःच्या अंदाजासाठी बनवलेली ती १ ते १०० ची मोजपट्टी आहे, आणि गूगल क्रम लावताना ती वापरत नाही. दोन वेबसाइटची ढोबळ तुलना करायला ती बरी. पण ज्याला लिंक विकायच्या आहेत त्याला तीच पट्टी फुगवून दाखवता येते, आणि गिऱ्हाईक त्या रेघेचेच पैसे देतं.

मग मी लिंकांची यादी उतरवून घेतली आणि एकेक पान उघडायला बसले. कुठल्या तरी परदेशी जुगाराच्या साइटचा तळ. बंद पडलेल्या एका शाळेचं डोमेन, ज्यावर आता रोज दहा विषयांवरचे लेख टाकले जात होते. एका लेखात केस गळण्यावरचे उपाय चालू होते, आणि मधेच एक परिच्छेद: उत्तम टॉवेल वापरा, सोलापुरी टॉवेल होलसेल. त्या शेवटच्या तीन शब्दांवर लिंक. पुढच्या साइटवर तेच तीन शब्द. त्याच्या पुढच्यावर तेच. शेकड्यांनी पानं, आणि सगळीकडे शब्दसुद्धा तेच, क्रमसुद्धा तोच.

माणसं आपणहून लिंक देतात तेव्हा असं कधी होत नाही. कुणी कारखान्याचं नाव लिहितं, कुणी नुसतं 'इथे बघा' म्हणतं, कुणी पत्ताच चिकटवतं, कुणी नाव चुकीचं लिहितं. लिंकच्या शब्दांमधली ही विसंगती हीच खरेपणाची खूण. शंभर माणसांनी शंभर ठिकाणी एकच वाक्य उच्चारलं, तर ते पढवलेले साक्षीदार असतात.

पत कशी ठरते

अण्णांना हे समजावायचं होतं. त्यांनी इंटरनेट फारसं वापरलेलं नाही, घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि हिशेब वहीत. मी सांगायला सुरुवात केली की गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन स्टॅनफर्डला शिकत असताना त्यांनी एक पद्धत काढली, १९९८ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला, तिचं नाव पेजरँक. विद्वान आपल्या लेखात दुसऱ्याच्या लेखाचा दाखला देतात, आणि ज्याचे दाखले जास्त, तो लेख महत्त्वाचा. तसंच वेबसाइटचं. पण नुसती संख्या मोजायची नाही. दाखला देणाऱ्याचं स्वतःचं वजन किती, हेही बघायचं. आणि एका पानाने तीनशे जणांना लिंक दिली, तर त्याचं वजन तीनशे वाट्यांत विभागलं जाणार.

अण्णांनी मला मधेच थांबवलं. "ताई, हे सूत बाजारातलंच आहे की." मग त्यांनी सांगितलं. त्यांनी पहिले दोन माग टाकले तेव्हा रोख सूत घ्यायची ऐपत नव्हती. पूर्व भागातल्या एका जुन्या कारखानदाराने व्यापाऱ्याला निरोप धाडला, पोराला माल द्या, मी आहे. त्या एका शब्दावर सूत मिळालं. "तो माणूस आयुष्यात चार जणांसाठीच जामीन राहिला. म्हणून त्याच्या शब्दाला किंमत. बाजारात दुसराही एक होता, चहा पाजला की कुणासाठीही शब्द टाकायचा. त्याचं नाव सांगितलं की व्यापारी उलट सावध व्हायचे."

माझ्या इतक्या वर्षांच्या कामात पेजरँक एवढ्या नेमकेपणाने कुणी सांगितलेला मी ऐकला नाही. आणि 'सावध व्हायचे' हा भागही तंतोतंत जुळतो. गूगलने २०१२ च्या एप्रिलमध्ये पेंग्विन नावाचा बदल आणला, तेव्हापासून विकत घेतलेल्या लिंक अंगावर उलटू लागल्या. २०१६ मध्ये पेंग्विन मुख्य गणितातच मिसळला आणि अशा बहुतेक लिंकांकडे सरळ दुर्लक्ष होऊ लागलं. त्यामुळे आज बऱ्याच जणांचे पैसे नुसते वाया जातात. पण प्रकार उघड आणि मोठा असेल तर हाताने कारवाई होते, अण्णांच्या कारखान्याची झाली तशी.

साफसफाई

हे कंटाळवाणं काम होतं, थोडक्यात सांगते. ज्या साइटवर संपर्काचा पत्ता होता त्या प्रत्येकाला लिंक काढायची विनंती पाठवली. मोजक्या लोकांनी काढली. काहींनी काढायचेच पैसे मागितले, ते दिले नाहीत. उरलेल्या डोमेनांची साधी मजकूर-फाइल करून गूगलच्या डिसअव्हाऊ साधनात चढवली, म्हणजे 'या लिंक आमच्या खात्यात धरू नका' असं कळवलं. हे साधन २०१२ पासून आहे आणि साध्या साइटला त्याची गरज पडत नाही, हे गूगल स्वतःच सांगतं. भीतीपोटी ते वापरून लोक चांगल्या लिंकाही नाकारून बसतात. आमच्याकडे कारवाई झालेली होती, म्हणून वापरलं.

पुनर्विचाराचा पहिला अर्ज नाकारला गेला. त्यात मुलाने लिहिलं होतं की हे कुणी प्रतिस्पर्ध्याने केलं असावं. मी म्हटलं, खरं लिहा. दुसऱ्या अर्जात त्याने पॅकेज घेतल्याचं, पैसे दिल्याचं कबूल केलं, कुणाकुणाला कधी विनंती पाठवली त्याचा तक्ता जोडला. काही आठवड्यांनी कारवाई उठली.

पण साइट जुन्या जागी परतली नाही, आणि हे आधीच सांगून ठेवलेलं बरं असतं. ती ज्या टेकूंवर वर गेली होती ते टेकूच निघाले होते. आता ती होती तिथेच होती: स्वतःच्या खऱ्या उंचीवर, म्हणजे बरीच खाली.

वही

पुढे काय करायचं, हे मला अण्णांच्या टेबलावर सापडलं. लाल पुठ्ठ्याची ऑर्डर-वही. तारीख, गिऱ्हाईक, गाव, माल, नग, आणि शेवटचा एक रकाना: 'कुणाकडून'. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकापुढे त्याला कुणी पाठवलं त्याचं नाव. अण्णा हे सुरुवातीपासून लिहीत आलेत, दिवाळीला त्या माणसांना आठवणीने टॉवेलाचा जोड जातो. त्या रकान्यात पुण्यातला एक दुकानदार वारंवार येत होता, पंढरपूरचा एक लॉजमालक, रंगाची रसायनं पुरवणारा, एक माग-दुरुस्तीवाला, तुळजापूरच्या भक्तनिवासात खरेदी बघणारे एक गृहस्थ.

कारखान्याची पत तयारच होती. ती फक्त इंटरनेटवर कुठेही लिहिलेली नव्हती. मुलाने बाजारातून उसनी आणली, आणि घरची वहीतच राहिली.

आम्ही त्या रकान्यातली नावं एकेक करून तपासली. यातल्या कुणाची वेबसाइट आहे? पुण्याच्या दुकानदाराची होती, त्यावर 'आमचे उत्पादक' असं पानही होतं, फक्त अण्णांचं नाव नुसतंच छापलेलं, लिंक नाही. अण्णांनी स्वतः फोन केला, दोन मिनिटांत काम झालं. रसायनवाल्याच्या साइटवर गिऱ्हाइकांचे अनुभव होते, तिथे अण्णांचा अनुभव नव्हता, तो दिला. कारखानदारांच्या संघटनेच्या सभासद यादीत जुना फोन नंबर होता. बाकी अनेकांची वेबसाइटच नव्हती, त्यांच्याकडून लिंकची अपेक्षाही ठेवली नाही.

सगळ्यात मोलाचं हाती लागलं ते वेगळंच. वेबसाइट पूर्वी डॉट इनवर होती, नंतर डॉट कॉमवर नेली, आणि नेताना जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळण, म्हणजे ३०१, कुणी लावलंच नव्हतं. वस्त्रोद्योगावरच्या अभ्यासाच्या एका पानावर कारखान्याच्या जुन्या पत्त्याची लिंक होती, दोन जुन्या बातम्यांतही होती. त्या सगळ्या हवेत लटकत होत्या. जुन्या डोमेनची मुदत संपायला दोन महिने उरले होते. ते सुटलं असतं, तर दुसऱ्या कुणी घेऊन त्यावर काहीही विकलं असतं. त्याच दिवशी नूतनीकरण केलं, प्रत्येक जुनं पान नव्या पानाकडे वळवलं. या कामाला जवळजवळ काहीच खर्च आला नाही. साइट हलवलेल्या प्रत्येकाने आधी हेच तपासावं असं मी आता सगळ्यांना सांगते.

एक गोष्ट मात्र काढून टाकावी लागली. साइटच्या माथ्यावर भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे जीआयचा, दावा होता. सोलापुरी चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल, दोघांनाही मानांकन आहे, हे खरं. पण १९९९ च्या कायद्याप्रमाणे ते नाव मानांकन म्हणून वापरायचं तर उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करायची असते. अण्णांनी ती केलेली नव्हती. मुलगा म्हणाला, सगळेच लावतात. अण्णा म्हणाले, "नोंद करू, मग लावू." बाहेरचा मिश्र धाग्याचा माल सोलापुरी म्हणून खपवला जातो याची या माणसाला किती चीड आहे, हे मला माहीत होतं. त्यांनी एक दिवसही वेळ लावला नाही.

५६२ ग्रॅम

ओळखीच्या लिंका संपल्या की पुढे प्रश्न येतो: अनोळखी माणसाने तुमच्याकडे बोट का दाखवावं? त्याच्या उपयोगाचं काही तुमच्याकडे असेल तरच.

मी अण्णांना विचारलं, गिऱ्हाईक तुम्हाला फोनवर सगळ्यात जास्त काय विचारतं? ते म्हणाले, जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. सगळे आकडा विचारतात, तो मोजायचा कसा ते कुणाला ठाऊक नसतं, म्हणून कुणीही काहीही सांगून फसवतं. मग त्यांनी काटा मागवला. गोदामातला एक कोरा टॉवेल घेतला, ७५ सेंटिमीटर रुंद, १५० लांब. पावणेएक मीटर गुणिले दीड मीटर, म्हणजे १.१२५ चौरस मीटर. काट्यावर टॉवेल ५६२ ग्रॅम भरला. "भागा," म्हणाले. जवळजवळ ५००. "हा पाचशे जीएसएम. आता कुणी पाचशे सांगून साडेचारशे ग्रॅमचा दिला, तर तो चारशेचा झाला. काटा तर प्रत्येक लॉजच्या स्वयंपाकघरात असतोच की."

त्याचंच पान केलं. अण्णांच्या हातांचे फोटो, काट्यावरचा आकडा स्वच्छ दिसणारा. सोबत माग. टेरीला ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, दोन बीमं (रूळ) लागतात, एक घट्ट, एक सैल. बाण्याचे, म्हणजे आडवे, तीन धागे जरा मागे ठेवून फणीने एकदम पुढे ठोकले, की सैल ताणा वर उचलला जातो आणि लूप उभे राहतात. अण्णांनी ते मागापाशी उभं राहून सांगितलं, मी तसंच्या तसं उतरवलं. आणि त्यांनी आग्रहाने दोन सूचना घालायला लावल्या. धुतलेला टॉवेल आटतो, त्यामुळे लांबी-रुंदी नव्याने मोजा, छापील माप धरू नका. आणि टॉवेल पूर्ण सुकलेला असू द्या, ओल वजन वाढवते. मराठीत एक पान, इंग्रजीत एक.

त्या पानात 'होलसेल' हा शब्द एकदाही नव्हता. मुलाला ते पटलं नव्हतं.

पहिले दोन महिने काहीच घडलं नाही. मग हॉटेल व्यवस्थापन शिकवणाऱ्या एका बाईंनी आपल्या विद्यार्थ्यांच्या टिपणांत हाउसकीपिंगच्या धड्याखाली ते पान जोडलं. एका मराठी दैनिकाच्या सोलापूरच्या बातमीदाराने त्यावरून अण्णांना गाठलं. बातमीत कारखान्याचं नाव आलं, लिंक नव्हती. विनंती केल्यावर त्यांनी ती दिली, नोफॉलो खूण लावून, म्हणजे 'ही लिंक आमची शिफारस म्हणून मोजू नका' असं गूगलला सांगून. मुलगा हिरमुसला, कारण एजन्सीने त्याला नोफॉलो म्हणजे शून्य असं शिकवलं होतं. २०१९ पासून गूगल ती खूण आज्ञा म्हणून न घेता इशारा म्हणून घेतं. पण ते बाजूला ठेवलं तरी त्या बातमीवरून माणसं पानावर आली, आणि त्यातल्या तिघांनी फोन केले. लिंक ही आधी माणसासाठी असते, यंत्रासाठी नंतर.

या काळात आलेले प्रस्ताव आम्ही सरसकट नाकारले: पैसे घेऊन लेख छापतो, तुम्ही आमची लिंक द्या आम्ही तुमची देतो. एका कॉलेजच्या संमेलनाला अण्णांनी टॉवेल दिले, तेव्हा त्यांच्या साइटवर प्रायोजक म्हणून लिंक आली. तिला 'स्पॉन्सर्ड' ही खूण लावा असं आम्हीच सांगितलं. पैशाचा किंवा वस्तूचा व्यवहार झाला आहे, तर तो झाकायचा नाही.

अभिप्राय

नकाशावरची नोंद हा वेगळाच घोळ होता. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवर खूण अशोक चौकाजवळच्या राहत्या घरावर, कारखाना एमआयडीसीत, आणि नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेलं. ट्रकवाले घरी जाऊन बेल वाजवत. नाव, पत्ता, फोन सगळीकडे एकच केला. आधी एकदा मुलाने भावकीतल्या सगळ्यांकडून एकाच आठवड्यात पाच चांदण्या मिळवल्या होत्या, त्या गूगलने कधीच पुसल्या होत्या.

आता माल पोचला की आठवड्याने व्हॉट्सॲपवर साधा निरोप जातो: कसा वाटला, जमलं तर इथे लिहा. सवलत नाही, भेट नाही, आणि खूश दिसणाऱ्यांनाच निवडून विचारायचं नाही. हे तिन्ही गूगलच्या नियमातही बसत नाही, आणि अण्णांच्या तर मुळीच नाही.

अक्कलकोटच्या एका लॉजमालकाने एक चांदणी दिली. टॉवेल धागे सोडतात, गिऱ्हाइकांच्या काळ्या कपड्यांना चिकटतात. मुलाला तो अभिप्राय काढायचा होता. अण्णांनी आधी फोन केला, मग स्वतः गेले, तीसेक किलोमीटर. पहिल्या धुण्याला कोऱ्या टॉवेलाचे सुटे धागे निघतातच, पण तिथे धोब्याने भरपूर सॉफ्टनर घातला होता, आणि एका गाठोड्याची शिवणही खरोखर कच्ची होती. गाठोडं बदलून दिलं. मग उत्तर लिहिलं, आणि त्यात शिवणीची चूक आमची, असं स्पष्ट घातलं. मालकाने चांदण्या वाढवल्या नाहीत, पण खाली एक ओळ जोडली: माणूस स्वतः आला, माल बदलला. नवीन गिऱ्हाईक फोनवर सगळ्यात जास्त त्याच ओळीचा उल्लेख करतं.

आज

कारवाई उठून वर्ष होत आलं. 'सोलापुरी टॉवेल होलसेल' शोधलं तर साइट अजून पहिल्या पानावर नाही. दुसऱ्यावर कधी असते, कधी नसते. मुलगा दर सोमवारी तपासतो. कारखान्याचं नाव शोधलं तर मात्र ती पहिली येते, आणि जीएसएम कसं मोजायचं हे मराठीत शोधलं तर अण्णांचे हात दिसतात. फोन पूर्वीपेक्षा कमी येतात, पण दर विचारून ठेवून देणारे त्यात फारसे नसतात.

मागच्या महिन्यात मी कारखान्यात असताना कोल्हापूरहून एका हॉटेलच्या खरेदी-अधिकाऱ्याचा फोन आला. त्यांनी ते पान वाचून आपल्याच गोदामातला टॉवेल तोलला होता. पाचशे म्हणून घेतलेला, ७५ बाय १५० चा, ४७० ग्रॅम भरला. "म्हणजे चारशे अठरा होतो ना?" त्यांनी विचारलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी मोबाइलवर भागून मान हलवली. नमुना मागवला, नग ठरले.

अण्णांनी वही ओढली. तारीख, गाव, माल लिहिला. शेवटच्या रकान्याशी आल्यावर मुलगा म्हणाला, "वेबसाइट लिहा की, अण्णा." अण्णांनी पुन्हा फोन लावला आणि विचारलं, साहेब, आमचं ते पान तुम्हाला कुणी दाखवलं? त्यांच्या हाउसकीपिंगच्या बाईंनी. त्या शिकत असताना टिपणांत होतं. अण्णांनी त्यांचं नाव विचारून घेतलं, 'कुणाकडून'च्या रकान्यात नीट अक्षरांत लिहिलं, आणि मुलाला सांगितलं, दिवाळीच्या यादीत घाल.